मोठ्या बोटींच्या पाण्यात कायाक



या वर्षीच्या साहस शिबिरात कायाकिंग आहे आणि ज्या जलाशयावर शिबिर भरणार आहे तेथे प्रवासी लाँच आणि मोटारबोटीही चालतात, असे सरांनी कळवले. शाळेचा माजी विद्यार्थी आणि नंतरचे सारे आयुष्य बोटींवर काढलेला माणूस म्हणून मराठी पानासाठी या विषयावर लिहावे, असा निरोप होता. गेली काही वर्षे मी चेन्नईत वेस्ट मांबलमला राहतो. आमच्या भागात लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे, पण तेथून तळे दिसत नाही. रेल्वेच्या पलीकडचे टी. नगर तर 1920 च्या दशकात एक मोठा तलाव बुजवून त्या जागी वसवले गेले. त्यामुळे पाण्यात उतरायचे तर शहराबाहेर जावे लागते. रविवारी पहाटे मी ईस्ट कोस्ट रोडने कोवलमला जातो आणि तेथे खाडीच्या पाण्यात नवशिक्यांना कायाक शिकवतो. बाजूला मुट्टुकाडूचे पर्यटन खात्याचे बोट हाऊस आहे, तिकडे स्पीडबोटी फिरतात. खाडीच्या तोंडाकडून मासेमारांच्या बोटी ये-जा करतात. तुमच्या शिबिरात येणारा प्रश्न मला दर आठवड्याला भेटतो.

तो प्रश्न नेहमी एकाच शब्दांत येतो. "सर, समोरून लाँच आली तर थांबायचे कोणी? आपण की ती?"

बहुतेक मुलांच्या मनात उत्तर आधीच तयार असते. मोटारबोटीला इंजिन आहे, आपल्याला नाही, म्हणून तिने बाजूला व्हायचे. कुठेतरी ऐकलेले असते की बिनइंजिनाच्या बोटीचा मान पहिला. हे नीट तपासून पाहू, कारण या समजुतीवर विसंबून पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

समुद्रावर सगळ्या देशांची जहाजे जे नियम पाळतात ते 1972 चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम होत. 15 जुलै 1977 पासून ते अमलात आहेत. त्यांत 'जहाज' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे की पाण्यावर माणसाला नेऊ शकणारी प्रत्येक वस्तू तीत बसते. म्हणजे तुमची तीन-चार मीटरची कायाकही जहाजच. कोणी कोणाच्या वाटेतून बाजूला व्हायचे हे सांगणारा नियम 18 वा. त्यात इंजिनाच्या जहाजाने कोणाकोणाला वाट द्यायची त्याची यादी आहे: ताबा सुटलेले जहाज, कामामुळे वळू न शकणारे जहाज, मासेमारी करत असलेले जहाज, शिडाचे जहाज. यादी संपली. वल्ह्याच्या बोटीचा तीत उल्लेखच नाही. उलट 9 वा नियम सांगतो की अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा लहान बोटीने, ज्या जहाजाला त्या मार्गाबाहेर पाणीच पुरत नाही त्याची वाट अडवू नये. कायाक 20 मीटरपेक्षा किती लहान आहे हे सांगायला नको.

जलाशयावर हे समुद्राचे नियम जसेच्या तसे लागू नसतात, तेथे स्थानिक परवाना आणि व्यवस्था चालते. पण विचार तोच. म्हणून मी मुलांना सांगतो: नियम पाठ करा, परीक्षेत लिहा, आणि पाण्यात उतरल्यावर असे धरून चला की समोरच्या बोटीने तुम्हाला पाहिलेलेच नाही.

हे भीती घालण्यासाठी नाही, यामागे साधे गणित आहे. 1 नॉट वेगाने जाणारी बोट मिनिटाला जवळपास 31 मीटर जाते. नवशिका कायाकवाला दमादमाने वल्हवतो तेव्हा 3 नॉट, म्हणजे मिनिटाला 93 मीटर जातो. 200 मीटर रुंदीचा बोटींचा मार्ग ओलांडायला त्याला दोन मिनिटांहून थोडे जास्त लागतात. तेवढ्या वेळात 8 नॉटने चाललेली साधी प्रवासी लाँच 500 मीटरच्या वर पुढे येते आणि 12 नॉटने चाललेले मालवाहू जहाज 800 मीटर. आठशे मीटर म्हणजे आपल्या ट्रॅकच्या दोन पूर्ण फेऱ्या. तुम्ही पहिले वल्हे मारता तेव्हा इतके दूर असलेले जहाज, तुम्ही पलीकडे पोचता तेव्हा नेमके तुमच्या रेषेवर असते. आणि कायाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून हातभर-दीड हातच वर असतात. त्या उंचीवरून 800 मीटरवरचे जहाज 'लांब आहे' असेच वाटते. वेगाचा अंदाज तर येतच नाही. समोरून सरळ येणारी वस्तू हलताना दिसत नाही, फक्त मोठी होत जाते, आणि तेही शेवटी शेवटी.

आता जहाजाच्या बाजूने पाहा. ज्या उंच खोलीतून जहाज चालवतात तिला ब्रिज म्हणतात. बऱ्याच मालवाहू जहाजांवर ती मागच्या बाजूला असते आणि पुढे कंटेनरची भिंत उभी असते. जहाजाच्या नाळेपुढचे (पुढच्या टोकापुढचे) पाणी ब्रिजवरून किती अंतरापर्यंत न दिसलेले चालेल, याची मर्यादा सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात ठरवून दिली आहे: जहाजाच्या दोन लांबी किंवा 500 मीटर, यांत जे कमी असेल ते. म्हणजे सर्व नियम पाळणाऱ्या, उत्तम कॅप्टनच्या मोठ्या जहाजासमोरसुद्धा 500 मीटरपर्यंतचे पाणी आंधळे असू शकते. 12 नॉटने ते अंतर दीड मिनिटाच्या आत संपते. त्या पट्ट्यात शिरलेल्या कायाकसाठी कॅप्टन काहीही करू शकत नाही, कारण ती त्याच्या जगातच नसते. रडारवरही भरवसा ठेवू नये. फायबर किंवा प्लॅस्टिकची, पाण्यालगत बसणारी कायाक रडारच्या पडद्यावर लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते.

लहान मोटारबोटींचे आंधळेपण वेगळ्या कारणाने येते. वेग वाढला की त्यांची नाळ वर उठते आणि चालवणारा मागे बसलेला असतो. त्याला आकाश दिसते, किनारा दिसतो, समोरच्या शंभर मीटरवरचे पाणी दिसत नाही. आमच्या कोवलमच्या फायबर बोटी अशाच. मला त्यांच्या तांडेलांबद्दल फार आदर आहे. उसळत्या लाटांतून बोट किनाऱ्याला लावताना त्यांचे कसब पाहण्यासारखे असते. पण तोच तर मुद्दा आहे. लाटेच्या पाठीवर बोट घेऊन वाळूवर चढवायची तर त्याला वेग ठेवावाच लागतो, मध्येच थांबला तर मागची लाट बोट आडवी करते. त्या क्षणी त्याच्या वाटेत कायाक आली तर त्याच्यापुढे दोन्ही पर्याय वाईट. म्हणून मासेमार जेथे बोटी लावतात त्या पट्ट्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी उभे राहू देत नाही, फोटोसाठीही नाही.

सूर्याचाही विचार करावा लागतो, आणि तो किनाऱ्यानुसार बदलतो. चेन्नईला सूर्य समुद्रातून वर येतो. पहाटे समुद्राकडे निघालेल्या तांडेलच्या डोळ्यांवर ऊन असते, त्याच्यापुढे तुम्ही चकाकीत बुडालेले असता. परत येणाऱ्या बोटी त्या चकाकीतूनच बाहेर पडतात आणि पूर्वेकडे तोंड केलेल्या तुम्हाला त्या अगदी जवळ आल्यावर दिसतात. कोकणात हाच खेळ संध्याकाळी होतो. तुमच्या जलाशयावर शिबिराच्या वेळी ऊन कोणत्या बाजूने येईल आणि लाँच कोणत्या बाजूने, हे आधी काठावर उभे राहून पाहून घ्या. अशा उजेडात लांबून काय दिसते, तर कायाक नाही आणि माणूसही नाही. वर-खाली होणारे वल्ह्याचे पाते चमकताना दिसते. पाती केशरी किंवा पिवळी असावीत ती यासाठी.

आता दोन घटना सांगतो. दोन्ही कायाकच्या नाहीत, तरी येथे सांगण्यासारख्या आहेत.

28 जानेवारी 2017 च्या पहाटे चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर दोन मोठी जहाजे एकमेकांवर आदळली. बंदरातून निघालेले 'बीडब्ल्यू मेपल' हे गॅसवाहू जहाज आणि आत येणारे 'डॉन कांचीपुरम' हे तेलवाहू जहाज. दोन्हींवर रडार होते, रेडिओ होता, शिकलेले अधिकारी होते. तरी टक्कर झाली, तेल सांडले आणि नंतर कितीतरी दिवस लोक बादल्यांनी किनाऱ्यावरचे काळे तेल उपसत होते. एवढी साधने असलेली, एवढी मोठी जहाजे जर एकमेकांना चुकवू शकली नाहीत, तर ती आपल्याला चुकवतील हे आपण कोणत्या आधारावर धरायचे?

दुसरी घटना मुंबईची, तुम्हा सगळ्यांना माहीत असलेली. 18 डिसेंबर 2024 च्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची एक वेगवान बोट येऊन धडकली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. 15 माणसे गेली, त्यांत नौदलाच्या बोटीवरचीही माणसे होती. नौदलाने चौकशी नेमली. लष्करी शाळेच्या मासिकात हे लिहावे का, असा विचार माझ्या मनात आला. पण आपणच हे बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? त्या दुपारी ऊन स्वच्छ होते. वेगवान बोट वळणे घेत असताना प्रवासी तिच्याकडे बघत होते, एकाने तर मोबाइलवर चित्रणही केले. म्हणजे दिसत नव्हती असे नाही. दिसूनही करण्यासारखे काही उरले नव्हते. अशा वेळी माणसाजवळ एकच गोष्ट उरते, अंगावर घातलेले लाइफ जॅकेट. आणि त्या बोटीतल्या बहुतेकांच्या अंगावर ते नव्हते. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. कायाकवर तर जॅकेट पायाशी ठेवायला जागाही नसते. ते काठावरच घालायचे, पट्टे आवळायचे आणि शेजारच्याने खांद्याला धरून वर ओढून पाहायचे. जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकले तर पट्टे ढिले आहेत किंवा माप चुकले आहे.

टक्कर होणार की नाही हे आधी कसे ओळखायचे, हा या लेखातला खरा धडा. समुद्री नियमांतला 7 वा नियम याची खूण सांगतो: येणाऱ्या जहाजाची दिशा बदलत नसेल तर धोका आहे असे समजा. जहाजावर यासाठी होकायंत्र वापरतात. कायाकवर प्रत्येक वल्ह्याबरोबर नाळ डावी-उजवी डोलते, त्यामुळे 'माझ्या नाळेपासून किती कोनात' हे धरता येत नाही. मग काय करायचे? आपली चाल आणि दिशा तशीच ठेवायची आणि लाँचच्या मागे, खूप लांब असलेली एखादी खूण पकडायची: डोंगराचे टोक, मनोरा, पाण्याची टाकी. लाँच त्या खुणेच्या पुढे पुढे सरकत असेल तर ती तुमच्या पुढून जाईल. खुणेच्या मागे पडत असेल तर तुम्ही तिच्या पुढून जाल. आणि ती खुणेवर चिकटल्यासारखी राहून फक्त मोठी होत असेल, तर ती तुमच्या अंगावर येत आहे. खूण लांबचीच हवी. जवळचे झाड धरले तर तुमच्या स्वतःच्या हालचालीने फसगत होते. शिवाय लाँच मधेच वळू शकते, म्हणून एकदा बघून भागत नाही. आणि जहाज फार मोठे किंवा फार जवळ असेल तर खूण सरकत असली तरी धोका असतो, कारण त्याचे पुढचे टोक चुकले तरी मागचे टोक चुकेल असे नाही.

अंगावर येत आहे असे कळले की मग जे करायचे ते लवकर आणि ठळक करायचे. पाच अंश वळणे म्हणजे काहीच न करणे; समोरच्याला ते दिसतही नाही. सरळ थांबा, किंवा पूर्ण वळून तिच्या मागच्या टोकाकडे नाळ करा. तिच्या पुढून 'सुटून' जाण्याची शर्यत कधी लावू नका. मधेच घाबरून वेग बदलणे, पुन्हा वळणे हे सर्वांत वाईट. ज्याने तुम्हाला पाहिले आहे आणि जो तुम्हाला चुकवण्याच्या बेतात आहे, त्याचाही अंदाज त्यामुळे बिघडतो.

जहाजांच्या भोंग्यांतले काही इशारे ओळखता आले पाहिजेत. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजिन उलटे फिरते आहे. हा तिसरा धक्क्याजवळ फार महत्त्वाचा, कारण मागे येणाऱ्या लाँचच्या मागच्या टोकाशी पंखा असतो. आणि पाच किंवा जास्त आखूड भोंगे म्हणजे तुझे काय चालले आहे ते मला कळत नाही. हे पाच बहुधा तुमच्यासाठीच असतात. उत्तरादाखल हात हलवत बसू नका, मार्गाबाहेर व्हा. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणे ही तर संकटात असल्याची आंतरराष्ट्रीय खूण आहे; गंमत म्हणून ती केली तर खरोखर कोणी मदतीला धावून येईल.

बंदरात किंवा खाडीत बोये असतात. भारतात बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला राहतात. मधले पाणी मोठ्या बोटींचे. कायाकला हातभर पाणीही पुरते, मग त्या मार्गात जायचे कशाला? बोयांच्या बाहेरून, उथळ बाजूने चला. ओलांडायचेच असेल तर बाहेर थांबा, दोन्ही बाजूंना पाहा आणि काटकोनात, सर्वांत कमी अंतराने ओलांडा. बोयाला धरून मात्र थांबू नका. वाहते पाणी कायाकला बोयावर दाबते आणि उलटवते.

एकटा माणूस ओलांडतो तेव्हा हिशेब सोपा असतो. दहा जणांची तुकडी ओलांडते तेव्हा शिस्तीचा कस लागतो, आणि येथे तुम्हा कॅडेटना इतरांपेक्षा सोपे जायला हवे. एका ओळीत, एकामागून एक गेलात तर शंभर मीटर लांबीची माळ होते आणि लाँचला ती मधोमध तोडल्याशिवाय जाता येत नाही. म्हणून सगळ्यांनी एका आडव्या फळीत, वल्ही एकमेकांना लागणार नाहीत इतक्या अंतरावर राहून, एकाच वेळी निघायचे. लांबून ती एकच मोठी बोट दिसते. वेग सर्वांत हळू जाणाऱ्याचा. जो सर्वांत दमलेला आहे तो मध्ये, अनुभवी दोघे दोन टोकांना, आणि लाँच ज्या बाजूने येते त्या बाजूला प्रशिक्षक. फळी निघाल्यावर कोणाची टोपी पडली, बाटली पडली, तर ती पडू द्यायची.

टक्कर टळली तरी लाट उरतेच. बोट निघून गेल्यावर ती येते आणि तोपर्यंत मुले सैल झालेली असतात. लाटेचा सगळ्यात चांगला धडा मला समुद्रावर नव्हे, रस्त्यावर मिळाला. 2015 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला चेंबरम्बक्कम तलावातून पाणी सोडले गेले, अडयार नदी पात्र सोडून बाहेर आली आणि आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या जाफरखानपेट, सैदापेटच्या वस्त्यांत पाणी शिरले. मी त्या बाजूला मदतीला गेलो होतो. रस्त्यांत आपत्ती दलाच्या रबरी बोटी होत्या, ट्रकवर घालून आणलेल्या मासेमारांच्या फायबर बोटी होत्या, आणि त्यांच्यातून प्लॅस्टिकचे ड्रम बांधून केलेले लोकांचे तराफे चालले होते. लहान आणि मोठ्या बोटींनी एकच पाणी वाटून घेण्याचा याहून अरुंद प्रकार मी पाहिला नाही. इंजिन लावून एक बोट गल्लीतून गेली की तिची लाट कंपाउंडच्या भिंतीवर आपटून परत यायची, समोरच्या भिंतीवरून दुसरी यायची, आणि मध्ये दोन्ही एकमेकींवर चढायच्या. बोट केव्हाच वळून गेलेली असायची आणि तराफा तेव्हा डुचमळायला लागायचा. एक म्हातारा तांडेल प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून बांबूने बोट ढकलत होता. मागचे लोक घाई करायचे, तर तो वळून न बघता म्हणायचा, "मेदुवा, मेदुवा." हळू, हळू. त्याच्या बोटीमागून एकही तराफा उलटला नाही.

तेव्हा जेथे धरणाची भिंत, जेट्टी किंवा खडकाचा उभा कडा आहे तेथे लाट दुप्पट धरून चला. मोकळ्या पाण्यात, बोट गेली की नाळ लाटेकडे तिरकी वळवा, कंबर सैल ठेवा आणि वल्हवत राहा. वल्हे पाण्यात असते तोवर ते तुमचा तिसरा पाय असतो. वल्हे मांडीवर ठेवून कडा घट्ट धरणारा पहिला उलटतो. पहिली लाट मोठी असेलच असे नाही, दुसरी-तिसरी असते. उथळ पाण्यात तीच लाट अधिक उभी होते.

जाता जाता एक वेगळी बोट. चेन्नईत अडयारच्या काठी 1867 मध्ये स्थापन झालेला मद्रास बोट क्लब आहे. पुण्यात कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये सैन्याचे रोइंग केंद्र आहे, जेथे सराव करून नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचला. त्या लांब, निमुळत्या बोटी इंजिनाच्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. रोइंग करणारा पाठमोरा बसतो आणि ज्या दिशेला जातो तिकडे त्याची पाठ असते. कायाकवाल्याचे तोंड पुढे असते. अशा दोघांत बघण्याची जबाबदारी कोणाची हे वेगळे सांगायला नको. त्यातून पुढे कधी एनडीएत गेलात आणि खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये शिडाच्या बोटी चालवल्या, तर शिडाआडचे पाणी दिसत नाही हेही कळेल.

अंधारात कायाक चालवायचीच नाही, असे मी शिबिरासाठी म्हणेन. पण परतायला उशीर होऊ शकतो. वल्ह्याच्या बोटीने पांढरा दिवा किंवा टॉर्च हाताशी तयार ठेवावा आणि टक्कर टाळता येईल इतक्या आधी तो दाखवावा, असे 25 वा नियम सांगतो. टॉर्च बॅगेच्या तळाशी असेल तर तो 'हाताशी' नव्हे. शिट्टी जॅकेटला बांधलेली असावी. समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक पाठ असू द्या. मोबाइल जलरोधक पिशवीत, आणि पिशवी कायाकला नव्हे, स्वतःला बांधलेली. उलटलात तर कायाक वाऱ्याने दूर जाऊ शकते.

पालकांसाठी दोन शब्द. संमतीपत्र आले की ते न वाचता सही करू नका आणि घाबरून नकारही देऊ नका. पोहता येते का, हे शाळा विचारतेच. तुम्ही विचारा की लाँच चालवणाऱ्यांना शिबिराच्या वेळा आधी कळवल्या आहेत का, त्या वेळात मुले कोणत्या पट्ट्यात असतील हे त्यांना नकाशावर दाखवले आहे का, आणि इंजिन असलेली सुरक्षा बोट पूर्ण वेळ पाण्यात असेल का, की काठावर बांधलेली. या प्रश्नांनी कोणीही प्रशिक्षक दुखावणार नाही. ज्याच्याकडे उत्तरे तयार आहेत त्याला ती सांगायला आवडतात.

आणि दिशा ओळखण्याचा सराव पाण्याची वाट न पाहता मैदानावर करता येतो. एका कॅडेटने परेड ग्राउंडच्या एका बाजूने सरळ चालत निघायचे, दुसऱ्याने काटकोनातल्या बाजूने सायकलवर. चालणाऱ्याने सायकलवाल्याच्या मागची लांबची खूण पकडायची, मैदानातले झाड नव्हे, मैदानाबाहेरचा मनोरा किंवा डोंगर, आणि निम्मे अंतर जायच्या आत मोठ्याने सांगायचे: "पुढून", "मागून" की "अंगावर". सायकलवाल्याने दर फेरीला वेग बदलायचा. चार-पाच फेऱ्यांत डोळा तयार होऊ लागतो. शिबिरापर्यंत रोज संध्याकाळी खेळानंतर दहा मिनिटे पुरेत. सायकलचे ब्रेक तेवढे आधी तपासून घ्या.